हायपरबेरिक चेंबरमध्ये कान कसे सांभाळायचे

अण्णांच्या जबड्याला रेडिएशन होऊन चार वर्षं झाली होती. खालची एक दाढ काढायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रेडिएशन झालेलं हाड सहजासहजी भरून येत नाही. दाढ काढण्याआधी २० आणि नंतर १० वेळा हायपरबेरिक ऑक्सिजन घ्या, म्हणजे बंद चेंबरमध्ये बसून वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन. आम्ही हृदय, फुप्फुसं, साखर असं सगळं विचारून घेतलं. कानाबद्दल कुणी बोललं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

उपचाराच्या दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये दाब वाढायला लागल्यावर अण्णांच्या उजव्या कानाला दडा बसला. मग कान ठणकायला लागला. आत बसलेल्या अटेंडंटने विचारलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, ‘ठीक आहे’ म्हणून. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “सहन होत होतं गं, उगाच सगळ्यांचा खोळंबा कशाला?” कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर पडद्यामागे रक्त उतरलेलं. पुढचे पाच दिवस उपचार बंद राहिले.

तिसाव्या सेशनपर्यंत जे शिकलो ते इथे लिहिते आहे. कानाला दाबाची इजा होणं हा या उपचाराचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो टाळता येतो. मात्र कान दुखण्याआधी उघडायचा असतो, आणि दुखलाच तर त्याच क्षणी सांगायचं असतं.

कानात नेमकं होतं काय

लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीकडे येताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. चेंबरमध्ये हेच घडतं, पण कितीतरी जास्त प्रमाणात. लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर आहे. तिथला आणि मुंबईचा हवेचा दाब यांत जेमतेम सात टक्क्यांचा फरक आहे. चेंबरमध्ये दाब नेहमीच्या २ ते २.५ पट करतात. २.४ पट धरला तर ही वाढ घाटातल्या फरकाच्या सुमारे वीसपट होते, आणि तीही दहा-वीस मिनिटांत. तारकर्लीच्या समुद्रात १४ मीटर खाली गेलेल्या पाणबुड्याच्या कानावर एवढाच दाब असतो.

पडद्यामागे मध्यकर्णात थोडी हवा असते. तिला एकच वाट आहे, कानापासून नाकाच्या मागे घशात उघडणारी बारीक नळी. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. बाहेरचा दाब वाढला की मध्यकर्णातली हवा आकसते, पडदा आत ओढला जातो आणि दडा बसतो. त्या वेळी नळी उघडली तर बाहेरची हवा आत जाते आणि पडदा जागेवर येतो. नाही उघडली तर ओढ वाढत जाते. आतल्या नाजूक त्वचेच्या रक्तवाहिन्या सुजतात, पाणी झिरपतं, रक्त उतरतं आणि शेवटी पडदा फाटू शकतो.

एक आकडा मात्र पाठच करावा. आतला आणि बाहेरचा फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरवर गेला की नळीचं तोंड इतकं घट्ट चिकटतं की स्नायूंना ते उघडता येत नाही. हा फरक म्हणजे पावणेदोन पीएसआय (चौरस इंचाला पाउंड, चेंबरचा दाब मोजायचं एकक). चेंबरचा दाब मिनिटाला १ पीएसआय वाढवत असतील, तर कान न उघडता दोन मिनिटंही काढता येत नाहीत. मिनिटाला २ पीएसआय असेल तर एका मिनिटाच्या आतच नळीला कुलूप लागतं. त्यानंतर कितीही गिळा, कितीही फुंका, उपयोग होत नाही. अण्णांचं हेच झालं होतं. ते सहन करत होते तेवढ्या वेळात नळी पक्की मिटली होती.

आणि सगळ्यात अवघड भाग सुरुवातीचा असतो. दाब १ वरून १.४ पट होताना मध्यकर्णातली हवा जवळजवळ तीन दशांशाने आकसते. २ वरून २.४ होताना मूळ हवेच्या फक्त आठेक टक्के आणखी आकसते. पहिली पाच मिनिटं नीट गेली की पुढचं बरंच सोपं जातं.

पहिल्या सेशनच्या आधीचा आठवडा

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, उपचार देणाऱ्या केंद्राने सांगितलं नसलं तरी. मळ काढून घ्यायचा असतो, पडदा पाहायचा असतो. शक्य असेल तर टिंपॅनोमेट्री करून घ्या. पडद्याची हालचाल कशी होते ते त्यात कळतं. डॉक्टर दुर्बिणीतून पडदा बघत असताना नाक धरून गिळून दाखवा आणि तो हलतो का ते विचारा. आम्ही हे इजा झाल्यावर केलं. आधी केलं असतं तर उजवी नळी मंद आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पूर्वी कान फुटला असेल, कानाचं किंवा टाळूचं ऑपरेशन झालं असेल, नाकाचं हाड वाकडं असेल, विमान उतरताना कान खूप दुखत असतील, तर ते न विचारताही सांगा. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर तेही सांगा, कारण नाक धरून फुंकण्याचा ताण डोळ्यालाही जातो.

ॲलर्जीने नाक चोंदत असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून तो आठवडाभर आधी सुरू व्हायला हवा. नाक ताबडतोब मोकळं करणारा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे बरेच लोक सेशनच्या अर्ध्या तासाआधी मारतात. त्याने नाक मोकळं वाटतं, पण कानाची इजा टळते याचा पुरावा कमजोर आहे. शिवाय तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरला तर नाक उलट जास्त चोंदतं, आणि तीस सेशन म्हणजे सहा आठवड्यांचा मामला. सर्दीच्या त्या दोन-चार दिवसांसाठी तो ठीक आहे, रोजच्या सवयीसाठी नाही. स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते. त्या मनाने घेऊ नयेत.

आता तेलाबद्दल. आपल्याकडे कान दुखला की कोमट खोबरेल घालतात. बरेच जण नस्यासाठी अणुतेल वापरतात, नाकाला बाम किंवा व्हॅसलिन लावतात. उपचार चालू असेपर्यंत हे सगळं बंद. शुद्ध ऑक्सिजन आणि वाढलेला दाब असेल तिथे तेल फार पटकन पेट घेतं. केसाचं तेल, अत्तर, डिओडरंट, क्रीम, सिंथेटिक कपडे, मोबाइल यांना बंदी असते तीही आगीच्याच भीतीने. हा नियम सगळ्यांच्या जिवाचा आहे, त्यात सवलत मागू नका. कानातलं श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवायचं. कापसाचे बोळे किंवा इअरप्लगही घालायचे नाहीत, कारण बोळ्याच्या आत हवेचा नवा कप्पा तयार होतो.

जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलं घ्या. सेशनच्या निदान दोन-तीन तास आधी करा आणि नाकातलं पाणी पूर्ण निथळू द्या. तोंडाचं किंवा घशाचं रेडिएशन झालेलं असेल तर आधी विचारा.

घरी करायचा सराव

नळी उघडण्याच्या तीन-चार पद्धती आहेत. चेंबरच्या आत त्या शिकता येत नाहीत. रोज पाच-सहा वेळा आरशासमोर करून बघा. कानात हलकासा ‘टक’ आवाज आला की नळी उघडली.

सर्वांत सौम्य म्हणजे गिळणं, जांभई देणं, खालचा जबडा पुढे काढून दोन्ही बाजूंना हलवणं. ज्यांची नळी चांगली आहे त्यांना एवढंच पुरतं.

दुसरी टॉयनबी पद्धत. नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि आवंढा गिळा. तोंड कोरडं असेल तर पाण्याचा छोटा घोट घेऊन गिळा. अण्णांचं गाडं शेवटी याच पद्धतीवर चाललं.

तिसरी व्हॅल्साल्व्हा. नाक धरून, तोंड मिटून नाकातून हवा बाहेर काढायचा प्रयत्न करायचा. सगळ्यांना हीच माहीत असते आणि सगळ्यांत जास्त चुकाही हिच्यातच होतात. नाक शिंकरताना लावतो त्याहूनही कमी जोर पुरे. तीन-चार सेकंदांत कान उघडला नाही तर सोडा, श्वास घ्या, गिळा, पुन्हा हळूच करा. डोकं लाल होईपर्यंत फुंकल्याने आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो. त्यातून येणारा बहिरेपणा आणि चक्कर कधी कधी कायमचीही असते.

चौथी फ्रेंझेल पद्धत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना ती शिकवली गेली. छातीचा जोर लावायचा नाही, फक्त जिभेचा. शाळेत क, ख, ग, घ यांना कंठ्य वर्ण म्हणायचो ते आठवा. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकतो. नाक धरायचं, जड बादली उचलताना श्वास क्षणभर अडतो तसा घशात अडवायचा, आणि जीभ ‘क’ म्हणताना जाते तशी मागे-वर ढकलायची. नाकपुड्या बोटांखाली किंचित फुगल्या की जमलं. याला चार-पाच दिवस लागतात, पण फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर ताण येत नाही. मला स्वतःला ही सर्वांत चांगली वाटते.

जायच्या दिवशी

सर्दी, ताप, घसा दुखणं, नाक पूर्ण बंद असं काही असेल तर फोन करून सांगा. ठरलेल्या कोर्समधला एखादा दिवस पुढे गेला तर फारसं बिघडत नाही, कानाला इजा झाली तर आठवडा जातो. तातडीच्या कारणासाठी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा वगैरे असेल तर थांबता येत नाही. तिथे डॉक्टर लागल्यास पडद्याला बारीक छेद देऊन मोकळे होतात.

आत जाण्याआधी ऑपरेटरशी तीन गोष्टी बोलून ठेवा. दाब कोणत्या वेगाने वाढवणार? पहिल्या काही सेशनना मिनिटाला १ पीएसआय किंवा त्याहूनही हळू मागा. २.४ पट दाबाला त्या वेगाने वीसेक मिनिटं लागतात, लागू द्यात. दुसरं, ‘थांबा’ची खूण कोणती? पाणबुड्यांमध्ये अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, आपल्याकडे अंगठा वर म्हणजे ‘छान’. हा घोळ आधीच मिटवा. आम्ही उघडा पंजा ठरवला होता. तिसरं, पाण्याची बाटली आत चालते का? हवेने दाब वाढवणाऱ्या, अनेकांनी एकत्र बसायच्या चेंबरमध्ये सहसा चालते. एकट्याने झोपायच्या पारदर्शक चेंबरमध्ये केंद्राचा नियम विचारावा. त्यात डोक्याची बाजू उंच करायला सांगा, कारण आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरा भरतात आणि नळी जास्त चोंदते.

दाब वाढत असताना

दरवाजा बंद होऊन हवेचा आवाज सुरू झाला की लगेच पहिल्यांदा कान उघडा, काहीही जाणवत नसलं तरी. मग दर १५-२० सेकंदांनी. आत उकाडा जाणवतो, हवा दाबली की तापते, त्याने घाबरू नका. पुस्तक, जप, गप्पा सगळं नंतर. या वेळात झोपायचं तर मुळीच नाही, झोपेत माणूस फार कमी गिळतो.

भरल्यासारखं वाटलं आणि दोन प्रयत्नांत सुटलं नाही, की पंजा दाखवा. ऑपरेटर दाब वाढवणं थांबवतो. तरीही सुटलं नाही तर दाब थोडा कमी करायला सांगा, एक-दोन पीएसआय खाली आलं की चिकटलेली नळी सैल होते. तिथे कान उघडा, मग पुन्हा हळूहळू पुढे. थांबून नुसतं फुंकत राहण्यापेक्षा ही माघार कितीतरी कामाची आहे, कारण कुलूप लागलेल्या नळीवर फुंकण्याचा जोर फुकट जातो. एकच कान अडला असेल तर तो कान छताकडे येईल अशी मान दुसऱ्या खांद्याकडे झुकवा आणि नाक धरून गिळा. अण्णांचा उजवा कान जवळजवळ दर वेळी असाच सुटायचा.

दोन-तीनदा माघार घेऊनही जमलं नाही, तर त्या दिवशी बाहेर यायचं. इतरांचा वेळ जातो म्हणून लाजायचं नाही. सोबत बसणारे रोजचेच असतात. आमच्या चेंबरमध्ये पायाच्या जखमेसाठी येणारे एक काका तर अण्णांना स्वतःहून विचारायचे, “कान सुटला का हो?”

ठरलेल्या दाबाला पोहोचल्यावर कानाचं काम जवळपास संपतं. ऑक्सिजन मास्कमधून देत असतील तर मध्ये थोडा वेळ मास्क काढून साधी हवा घेऊ देतात, त्या विश्रांतीत दोन घोट पाणी प्या.

दाब उतरत असताना नियम उलटा आहे. हवा फुगते आणि आपसूक बाहेर पडते, कानात टकटक होतं. तेव्हा नाक धरून अजिबात फुंकायचं नाही आणि श्वास रोखायचा नाही, कारण फुप्फुसातली हवाही फुगत असते. नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. उतरताना कान दुखला तर तेही सांगा. थोडा दाब परत वाढवून, गिळून तो सोडवता येतो.

घरी आल्यावर, विशेषतः रात्री

हे आम्हाला पंधराव्या सेशनपर्यंत कळलं नव्हतं. सेशन उत्तम व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा म्हणायचे, कान भरलाय, पाणी खळखळतंय. त्याचं कारण असं की सेशननंतर मध्यकर्णात हवेऐवजी बराचसा ऑक्सिजन असतो, आणि ऑक्सिजन आतल्या त्वचेत शोषला जातो. झोपेत आपण फारसं गिळत नाही, मग तिथे पोकळी होते आणि ओढ बसते. उपाय साधा आहे. सेशननंतरचे काही तास, झोपेपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने कान हळूच उघडायचा, म्हणजे ऑक्सिजन जाऊन साधी हवा येते. उशी थोडी उंच घ्यायची.

हलकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. कानात थेंब, तेल, लसूण, काडी काहीही नको. पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय आत काही घालणं धोक्याचं आहे. पुढच्या सेशनआधी डॉक्टरांना पडदा दाखवा. नुसती लाली असेल तर ते बहुधा जपून पुढे जाऊ देतात, रक्त असेल तर थांबवतात. कान बरा होईपर्यंत विमानप्रवास टाळा.

गरगरणारी चक्कर, ऐकू येणं अचानक कमी होणं, कानात नवीनच शिट्टी वाजणं, कानातून रक्त किंवा पाणी येणं, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हे आतल्या कानाचं किंवा नसेचं दुखणं असू शकतं आणि तिथे तासांना किंमत असते.

ज्यांची नळी मुळातच अवघड असते

तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे फार आहेत, आणि रेडिएशननंतर हाच उपचार त्यांतल्या अनेकांना सांगितला जातो. नेमकं त्यांचंच कानाचं गणित सर्वांत कठीण असतं. रेडिएशनने नळीच्या तोंडाशी सूज आणि ताठरपणा येतो. लाळ कमी झाल्याने गिळायला आवंढाच नसतो. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, मग जांभई कुठून येणार? गुटख्याने तोंडाच्या आतली त्वचा आखडलेली असेल तर टाळूचे स्नायूही ताठरतात, आणि नळी उघडणारे स्नायू तेच. अशा माणसाला ‘जांभई द्या, जबडा हलवा’ सांगून भागत नाही. दुखऱ्या जबड्याने तसं करूही नये. पाण्याचे घोट, नाक धरून गिळणं आणि अतिशय हळू वेग, यांवरच भर ठेवावा लागतो.

स्वरयंत्र काढून गळ्यातून श्वास घेणाऱ्यांना नाक धरून फुंकताच येत नाही. लहान बाळांना दाब वाढताना अंगावर किंवा बाटलीने पाजतात, चोखता-गिळता नळी उघडते. बेशुद्ध रुग्णाला तर काही सांगताच येत नाही.

यांच्यासाठी आणि जमतच नाही अशांसाठी ग्रोमेट असतं. पडद्याला बारीक छेद देऊन बसवलेली इवलीशी नळी. मोठ्या माणसाला बहुधा ओपीडीतच, जागा बधिर करून बसवतात. मग हवा थेट आत-बाहेर जाते आणि कान उघडायची गरज उरत नाही. आंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. मधुमेह असेल तर कान वाहू लागण्याची शक्यता जास्त, म्हणून लक्ष ठेवायचं. काही महिन्यांत ती नळी सहसा आपोआप पडते आणि छिद्र बुजतं. क्वचित राहतं, तेव्हा पुढे दुरुस्ती करावी लागते. पहिल्याच त्रासाला ग्रोमेट बसवायची घाई नको, पण तीस सेशन रडत काढण्यापेक्षा पाचव्या सेशनला हा विषय डॉक्टरांकडे काढलेला बरा.

अण्णांना ग्रोमेट लागलं नाही. सातव्या सेशनला ऑपरेटरने चार वेळा दाब थांबवला, दोनदा मागे घेतला, पंचवीस मिनिटं लावली. बाराव्यापासून एकदाही थांबावं लागलं नाही. कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी ऐकण्याची तपासणी केली, आणि पहिल्या सेशनआधीचा ऑडिओग्राम जवळ नसल्यामुळे तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडला. तुम्ही तो आधीच काढून फाइलला लावून ठेवा.